मुंबईची खोली, सांगलीचे घर

(व्याख्यानाचा मजकूर)



सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांतून मुंबईकडे जाणारी वाट गेल्या शंभर वर्षांत कधी ओस पडली नाही. कोणी गिरणीच्या खात्यात लागला, कोणी मुळजी जेठा मार्केटातील पेढीवर मुनीम झाला, कोणी गिरगावच्या चाळीत बिऱ्हाड करून पोस्टात चिकटला. उलट दिशेने येणारे तेव्हाही होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत कित्येक कुटुंबे वळकट्या बांधून गावी परतली. ते परतणे नाइलाजाचे होते, त्यात हिशोबाला जागाच नव्हती. आज जो परततो, तो बहुधा स्वखुशीने आणि वही-पेन्सिल घेऊन परततो. विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या समाजातील अनेक घरांत हा विषय निघाला आहे. मुंबईतील दोन खोल्यांच्या पैशांत सांगलीत ऐसपैस घर येते, शिवाय काही रक्कम बँकेत उरते, असा तो सरळ हिशोब असतो.

हिशोब चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. तो सारा एका आकड्यावर उभा असतो, आणि तो आकडा म्हणजे चौरस फुटाचा दर. त्या दरात काय मावते आणि काय मावत नाही, एवढ्याच मुद्द्याचा येथे ऊहापोह करावयाचा आहे.

प्रथम एका कुटुंबाची हकीगत पाहू. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गृहस्थ मुंबईत कापडाच्या आडतीवर पस्तीस वर्षे हिशोबनीस होते. गिरगावात पागडीची एकशे ऐंशी चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला सामाईक शौचालय. त्या खोलीत तीन मुलांची शिक्षणे झाली, एका मुलीचे लग्न ठरले, आईचे आजारपण निघाले. २०१७ साली गृहस्थ निवृत्त झाले, मुलगा पुण्यास नोकरीला लागला आणि खोली देऊन सांगलीला यावयाचे ठरले. पागडीच्या व्यवहाराला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिलेली असल्याने व्यवहार उघड झाला. घरमालकाने रिवाजाप्रमाणे आपला हिस्सा घेतला, उरलेली रक्कम धनादेशाने हाती आली. आयुष्यात एवढी रक्कम त्यांनी प्रथमच स्वतःच्या नावावर पाहिली. दुसऱ्यांच्या लाखो रुपयांचे जमाखर्च मात्र त्यांनी पस्तीस वर्षे लिहिले होते.

येथून पुढे घाई सुरू झाली. कोणी तरी सांगितले, की रक्कम लवकर घरात गुंतवली नाही तर आयकर कापला जाईल. गोष्ट अर्धी खरी होती. भाडेहक्क ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मत्ता आहे, तिच्या हस्तांतरणातील नफा करपात्र आहे, आणि मिळालेली निव्वळ रक्कम राहत्या घरात गुंतवल्यास, अन्य अटी पूर्ण होत असतील तर, सवलत मिळते. मात्र कायद्याने त्यासाठी मुदत दिली आहे. तयार घर घेण्यास हस्तांतरणापासून दोन वर्षे आणि बांधण्यास तीन वर्षे. दरम्यान, विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपूर्वी न वापरलेली रक्कम बँकेत १९८८ च्या भांडवली लाभ खाते योजनेखाली ठेवावी लागते. एवढे केले की दोन वर्षे शांतपणे घर पाहता येते. ही माहिती त्यांना कोणीही दिली नाही. ज्याला दलाली मिळावयाची आहे तो ती का देईल? सनदी लेखापालाकडे जाण्याचा सल्ला मिळाला, पण तो घराचे खरेदीखत झाल्यानंतर. अवघ्या दीड महिन्यात त्यांनी सांगलीच्या जुन्या भागात तळमजल्यावर दोन शयनगृहांचे घर घेतले.

तळमजलाच का? गुडघ्यांमुळे. इमारतीला लिफ्ट नव्हती. आणि जुना भागच का? मंदिर चालत पाच मिनिटांवर. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने घराची किंमत अशीच ठरते. रोजचे दर्शन, पाठशाळा, चातुर्मासात प्रवचनास जाणे हे सारे पायी जमले पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नाही. शिवाय त्याच इमारतीत वरच्या मजल्यांपेक्षा तळमजल्याचा दर कमी होता. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वास्तविक तळमजला महाग असावयास हवा. तो स्वस्त का, हा प्रश्न पस्तीस वर्षे लोकांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला पडला नाही. भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत नवा गिलावा होता. त्याविषयी विचारता, मालकाने ओल आली होती एवढेच सांगितले.

सांगलीत जन्मलेल्या माणसाला हा संकेत लगेच समजला असता. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फुटांस इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांस धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांपलीकडे गेले. हरिपूरची हळदीची पेवे त्याच पुराने मोडली. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांपलीकडे गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या वर. सांगलीकर नवे घर पाहताना हॉल किती मोठा हे नंतर पाहतो, आधी विचारतो : ‘पाच साली इथं पाणी कुठपर्यंत होतं?’ मुंबईहून आलेल्याला हा प्रश्न ठाऊकच नसतो. त्याच्या अनुभवातील पाणी म्हणजे पावसाचे तुंबलेले पाणी, भरती ओसरली की जाणारे. नदीचे पाणी घरात चार-चार, सहा-सहा दिवस राहते आणि जाताना गाळ ठेवून जाते, हे त्याने पाहिलेले नसते.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढू लागले. शेजाऱ्यांनी सांगितले, २००५ ला जिथवर आले होते त्याच्यावर सामान ठेवा. मारुती रोड, हरभट रोड, कापड पेठ येथील अनेक व्यापाऱ्यांनीही तीच खूण धरून गाठी वरच्या फळ्यांवर चढवल्या होत्या. पाणी खुणेच्या वर आले. गृहस्थ व त्यांच्या पत्नी विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेले होते, म्हणून जीव सुखरूप राहिला. नऊ दिवसांनी दार उघडले तेव्हा शीतकपाट आडवे होऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकले होते. लाकडी कपाटांची दारे फुगून उघडत नव्हती. आत पत्नीचा लग्नातील शालू होता. तो धुऊन घ्यावयास त्या तयार झाल्या नाहीत, तसाच गुंडाळून ठेवला.

पूररेषा ही गोष्ट गुपित नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामास बंदी आहे. निळ्या व लाल रेषेच्या दरम्यान ते अटींवर होते आणि जोते लाल रेषेच्या वर ठेवावे लागते. नकाशे पाटबंधारे खात्याने केलेले आहेत, महापालिकेच्या नगररचना विभागात भूखंडाची स्थिती विचारता येते. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र फसू नये. २००५, २०१९, २०२१ ही तीन वर्षे सोळा वर्षांच्या आत येतात. ती सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे.

आता दराकडे वळू. कापडाच्या दुकानात ग्राहक मीटरचा भाव विचारतो, पण जाणता ग्राहक त्याबरोबर पन्हा विचारतो आणि धुतल्यावर किती आटेल हेही विचारतो. घराच्या बाबतीत पन्हा म्हणजे चटई क्षेत्र. लहान शहरांत बोलण्यातील दर आजही पुष्कळदा ‘सुपर बिल्ट-अप’वर असतो. जिना, भिंती, व्हरांडा, पाण्याची टाकी यांचा वाटा त्यात धरलेला असतो. हजार फुटांचे म्हणून सांगितलेले घर आत मोजले की सातशे-साडेसातशे फूट भरते. म्हणजे चार हजारांचा दर प्रत्यक्षात साडेपाच हजारांच्या घरात जातो. रेरा कायद्याने विक्री चटई क्षेत्रावर करण्याचे बंधन घातले आहे खरे, परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. मुंबईत असा प्रकल्प विरळा. सांगली-मिरजेत मात्र आठ सदनिकांची इमारत ही नित्याची गोष्ट. मुंबईकर ज्या संरक्षणाला गृहीत धरतो ते येथे पुष्कळदा नसतेच, म्हणून टेप स्वतःच लावावी.

कागदांचेही तसेच. मुंबईत सहकारी गृहनिर्माण संस्था आणि तिचे भागप्रमाणपत्र यांची सवय असते. लहान शहरांत अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून विकलेल्या असतात. त्यात सदनिकाधारकाचा जमिनीतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, तो वाचून घ्यावा. कित्येक ठिकाणी घोषणापत्रही नाही आणि संस्थाही नाही. जिन्यातील दिव्याचे वीजबिल कोणी भरावे यावरून शेजारी एकमेकांशी अबोला धरतात. स्वतंत्र घराचा मोह असणाऱ्यांनी आणखी एक शब्द ध्यानात ठेवावा, तो म्हणजे गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा झाला. सांगलीत अशा वसाहती पुष्कळ. त्यांत हजारो कष्टाळू कुटुंबे नांदत आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसलेल्या भूखंडावर बँक कर्ज देण्यास कां कू करते, आणि पुढे विकताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

करांच्या बाबतीत एक गंमत आहे. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. म्हणजे छोट्या घरात राहणारा मुंबईकर घरपट्टी विसरलेला असतो. येथे मोठे घर घेतले की घरपट्टीची पावती दरवर्षी दारात येते. बांधकाम चालू असलेले घर घेतल्यास वस्तू व सेवा कर लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून तो पाच टक्के आहे. पंचेचाळीस लाखांच्या आतील किफायतशीर घरास एक टक्का, आणि त्यासाठीची क्षेत्रमर्यादा मुंबई परिसरात साठ चौरस मीटर, तर सांगलीसारख्या शहरात नव्वद चौरस मीटर चटई क्षेत्राची आहे. येथे मात्र लहान शहराचा उघड फायदा आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तर हा करच नाही.

दैनंदिन आयुष्याचा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्याच्या पावत्या फाडल्या जात नाहीत.

मुंबईत प्रवास कष्टाचा पण स्वस्त. काही शे रुपयांच्या मासिक पासावर माणूस महिनाभर हिंडतो. सांगलीत अंतरे लहान आहेत, पण लोकल नाही. रिक्षावाला मीटर न पाहता रक्कम सांगतो, शहर बस वेळेवर मिळेलच असे नाही, आणि मिरजेला अगर कुपवाडला जावयाचे तर स्वतःचे वाहन लागते. म्हणून घरात माणशी एक दुचाकी येते. पेट्रोलने २०२१ साली लिटरला शंभरी ओलांडली. गाडीचा हप्ता, विमा, दुरुस्ती धरली तर चार माणसांच्या कुटुंबाचा प्रवासखर्च मुंबईहून जास्त निघतो. घरभाड्यात वाचलेले पैसे इकडे वाटेला लागतात. आणि साठीनंतर स्कूटर शिकणे हे काही प्रत्येकास जमत नाही. ज्या भगिनी मुंबईत दादर-मुलुंड एकट्या फिरल्या, त्या येथे मुलाने सोडल्याविना मंडईत जाऊ शकत नाहीत.

तरुणांचा प्रश्न वेगळा. मुंबईत पती-पत्नी दोघे कमावतात. येथे दोघांनाही त्यांच्या शिक्षणाजोगे काम मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी पगाराची पायरी खाली असते. घर निम्म्या किमतीत पडले, पण उत्पन्नही निम्मे झाले, तर बचत कोठे राहिली? घरी बसून मुंबईच्या कंपनीचे काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी, तथापि ती सवलत कंपनीच्या मर्जीवर असते. २०२० साली दिलेली मोकळीक अनेक कंपन्यांनी पुढे मागे घेतली आणि बिऱ्हाडे पुन्हा पुण्या-मुंबईस हलली.

उलट बाजूसही वजन आहे, आणि ते थोडे नाही. लोकल पकडण्यासाठी सकाळी सातला निघून रात्री नऊला परतणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणे मुंबईत दुष्कर होते. कित्येकांनी तो पर्युषणापुरता ठेवला. येथे दुकानातून सहाला उठून माणूस घरी जेवू शकतो. मिरजेचे वैद्यकीय नाव तर शंभर वर्षांचे आहे. कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याची चिंता अन्य लहान शहरांच्या मानाने येथे कमी. शिवाजी मंडईतील भाजी सकाळच्या दवासह येते. दुपारी एक ते चार दुकाने बंद, याचा मुंबईकरास आरंभी संताप येतो. वर्षभरात तोही दुपारी आडवा होऊ लागतो.

परंतु एकाकीपणाविषयी बोलणे आवश्यक आहे. चाळीतील गॅलरी ही गिरगावातील त्या पत्नीची खरी मिळकत होती. चाळीस वर्षे दार उघडे, निवडायची भाजी मांडीवर, शेजारणीचा आवाज कानावर. पागडीच्या व्यवहारात तिची किंमत कोणी धरली नाही. सांगलीत दोन शयनगृहे मिळाली आणि समोर बंद दार मिळाले. लहान गावात माणुसकी अधिक असते असे आपण म्हणतो, ते बरोबर आहे, पण ती ओळखीच्या माणसासाठी. नव्याने आलेले कुटुंब दोन-तीन वर्षे ‘मुंबईवाले’च असते. भिशीत नाव घालण्यास, हळदीकुंकवाचे बोलावणे येण्यास वेळ जातो. गंमत अशी, की त्यांचे बंद दार उघडले ते पुराने. गाळ काढावयास गल्लीतील मुले आली, समोरच्या बाईंनी सलग बारा दिवस दोन्ही वेळचा डबा दिला.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आकड्यांत. उदाहरणादाखल चाळीस लाखांचे घर धरू. खरेदीवर मुद्रांक शुल्क सुमारे सहा टक्के, म्हणजे २,४०,००० रुपये, आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. एकूण २,७०,०००. घर न मानवल्यास हे पैसे परत येत नाहीत. २०२१ पासून घर स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, ती अवश्य घ्यावी, तरी रक्कम दोन लाखांच्या वर राहतेच. तेच घर दरमहा दहा हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर २,७०,००० रुपयांत सत्तावीस महिने राहता येते. दरम्यान चाळीस लाखांवर बँकेने सहा टक्के जरी दिले तरी वर्षास २,४०,००० येतात, भाडे जाते १,२०,०००. कर्ज काढून घेणाऱ्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांच्या मुदतीवर लाखाला नऊशे रुपये हप्ता पडतो, म्हणजे चाळीस लाखांस दरमहा छत्तीस हजार. भाड्याच्या साडेतीन पटींहून अधिक.

सबब, मोठ्या शहरातून लहान शहरात येणाऱ्याने पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे, आणि त्या वर्षात एक पावसाळा पुरा यावा. ज्या गल्लीत कायमचे राहावयाचे आहे त्याच गल्लीत भाड्याने राहावे. पाणी कोठवर येते, नळ किती वाजता सुटतो, रात्री रिक्षा मिळते काय, सुनेला काम मिळते काय, सासूला मैत्रीण मिळते काय, हे सारे त्या वर्षात कळते. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा. १९९९ च्या कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ओळखीतला मालक आहे म्हणून तोंडी बोलीवर राहू नये, ओळखीच्यांतच वाद अधिक होतात. ‘या वयात भाड्याच्या घरात?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतील. मुंबईत पागडीच्या खोलीत हयात घालवलेल्या माणसाने या प्रश्नाने खजील होण्याचे कारण नाही. तोही भाडेकरूच होता.

त्या गृहस्थांनी हेच पुढे केले, उलट्या क्रमाने आणि महाग किमतीस. २०१९ नंतर ते त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहावयास गेले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले तेव्हा त्यांनी ते वरच्या खिडकीतून पाहिले. तळमजल्याचे घर त्यांनी विकावयास काढले, आलेल्या पहिल्या ग्राहकाला त्यांनी २०१९ ची खूण कोठे होती ते भिंतीवर हात ठेवून दाखवले, आणि तो ग्राहक गेला. दुसराही गेला. तिसऱ्याने पाणी गृहीत धरून कमी किंमत सांगितली आणि ती त्यांनी स्वीकारली. पत्नीने त्या गल्लीतून हलावयास ठाम नकार दिला आहे, समोरच्या बाई तेथेच राहतात. ऑगस्ट लागला की गृहस्थ सकाळी दर्शन आटोपून आयर्विन पुलाकडे जातात, पातळी पाहतात आणि परत येऊन तिच्या जुन्या चोपडीत तारखेपुढे फूट व इंच लिहून ठेवतात.